चंचीतली चिमूट

गोदाबाईचे यजमान वामनराव गेले त्या वर्षापासून तिच्या वावरात गुटख्याची पुडी न्यायची नाही, असा कायदा होता. तसा सरकारचाही कायदा होता, बारा-तेरा वर्षांपासून. पण सरकार मुंबईत बसतं आणि गोदाबाई धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसायची, त्यामुळे तिच्या कायद्याचा धाक जास्त होता. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

कापसाच्या दुसऱ्या वेच्याच्या तिसऱ्या दिवशी ती बायांच्या मागून एकेक तास, म्हणजे पऱ्हाटीची ओळ, पाहत चालली होती. बोंडात चिकटून राहिलेला कापूस नखाने काढून घ्यायची तिची जुनी खोड होती. साठी उलटली तरी ती गेली नव्हती. एका पऱ्हाटीच्या बुडाशी काहीतरी चमकलं म्हणून ती वाकली. पुडीचा रिकामा कागद होता. चार पावलांवर दुसरा. पुढच्या तासात आणखी दोन. गोदाबाईने ते सगळे पदरात गोळा केले आणि तशीच बायांसमोर जाऊन उभी राहिली.

"सुंदरे, हे काय हाये?"

सुंदराबाई म्हणजे अकरा बायांची मुकादमीण. पस्तीस वर्षं या वावराचा कापूस तिच्या ओटीतून घरी गेलेला. तिने कंबर सरळ केली आणि पदरात डोकावून पाहिलं.

"कागद हाये."

"मलेबी दिसते कागद हाये. माह्या वावरात कोनं आनला?"

सुंदराबाईने तोंडातला ऐवज एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "बाई, बाकीचे कास्तकार दुपारच्याले सोता हातात आनून देतेत. आमची वाट पाहतेत. तुमी देत नाई, तुमाले आमी काई म्हटलं का?"

"बंदी हाये त्याले!"

यावर गंगूबाईला हसूच आवरेना. "कोनाले बंदी हाये व बाई? परवाच्या रोजी पोलीसवाला गाडी लावून सूर्यभानाच्या दुकानातून घेऊन गेला. बंदी असती त त्याले भेटली असती का?"

"अन् बंदीच्या आधी एवढी मस्त नोती येत," पार्बताबाई म्हणाली. "आता चोरून येते म्हनून असली येते. नकली कोन चोरून आनीन?"

बाकीच्या बाया माना हलवू लागल्या. त्यांच्या दृष्टीने हा मुद्दा बिनतोड होता. गोदाबाईच्या मात्र डोक्यात तिडीक गेली.

"ह्याच्यानंच माह्या मानसाचं तोंड मिटलं," ती ओरडली. "एक बोट जात नोतं तोंडात. शेवटचे चार महिने ताकावर काढले त्याईनं. ज्याच्या तोंडात हे असंन, त्यानं माह्या वावरातून निंगायचं. आत्ताच्या आत्ता!"

अकरा बायांपैकी दहांच्या तोंडात ते होतं. अकरावी पायल, सुंदराबाईची नवी सून. तिला त्या वासानेच मळमळायचं. पण सासू निघाली म्हटल्यावर तिलाही निघणं भाग होतं. सुंदराबाईने कमरेची ओटी सोडली आणि अर्धी भरलेली ओटी गोदाबाईच्या पायाशी उलटी केली. गाठोड्यात नाही, पायाशी. बाकीच्यांनीही तेच केलं. मग त्यांनी रांजणातलं पाणी पिऊन घेतलं, डब्याच्या पिशव्या उचलल्या आणि बैलगाडीच्या वाटेने निघून गेल्या. पायल तेवढी जाताना कापसावरची माती झटकत होती, तर सासूने तिला हाक मारून बोलावलं.

संध्याकाळी पोरगा अंकुर धामणगावहून आला. त्याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"माय, तू काहून असं केलं? आता कोन येते? साऱ्या गावच्या बाया बुक हायेत."

"वावरात पुडी कशी आली मंग? दोन वर्सं नोती येत."

अंकुर जोडे काढण्यात गुंतला. एका जोड्याला त्याने भलताच वेळ लावला. मग म्हणाला, "येत होती. मीच देत होतो, धुऱ्यापलीकडून. त्या तुह्यासमोर खात नोत्या, बस." आणि फोन पुढे करून त्याने ढगाचं चित्र दाखवलं. "शनिवारी अवकाळी सांगून रायले. आज मंगळवार हाये."

दोन वर्षं आपला कायदा आपल्याच पोराने धुऱ्याबाहेर मोडला, याचं गोदाबाईला नीट वाईटही वाटून घेता आलं नाही. बाहेर सहा एकर कापूस फुटला होता. भिजला तर पिवळा पडणार, आणि पिवळ्या कापसाकडे व्यापारी पाहून न पाहिल्यासारखं करतो.

बुधवारी माय-लेक दोघंच वेचायला गेले. अंकुरचा हात मोटारसायकलीवर बसलेला, त्याच्या बोटांना बोंडाची टोकं लागून दुपारपर्यंत रक्त आलं. गोदाबाईचा हात चालत होता, पण कंबर चालत नव्हती. दोन ओळी वेचल्या की ती मातीत बसायची आणि बसल्या बसल्या जुनं आठवायचं. बसलं की आठवतंच माणसाला.

तिची सासू सरस्वताबाई. दुपारची भाकर झाली की ती बाभळीखाली पाय पसरून बसायची आणि कमरेची चंची काढायची. लाल मांजरपाटाची, चार कप्प्यांची, कडेला हिरवा गोट. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी न् अडकित्ता, एकात चुन्याची डबी, आणि तळाच्या कप्प्यात तंबाखू. तो तंबाखूही बाजारचा नव्हे. परसात आठ-दहा झाडं लावलेली, त्यांची पानं वळचणीला वाळवलेली. चंची उघडली की मातीचा, गुळाचा असा एक वास यायचा. सासू हाक मारायची, "या व साऱ्या," आणि मजूर बाई असो की घरची, सगळ्यांचे तळहात एका रांगेत पुढे यायचे. मालकिणीच्या चंचीतली चिमूट नाकारायची नाही, अशी रीत होती. नाकारली तर रुसवा समजत. किती हसायच्या बाया! दुपारचं ऊन त्या हसण्याने कमी व्हायचं. आता तसं हसणं गोदाबाईने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. आता तोंड भरलेलं असतं आणि नजर फोनमध्ये.

गुरुवारी सकाळी कंबर उचलेना. गोदाबाई भिंतीला धरून उठली, तोंड धुतलं आणि कापडी पिशवी घेऊन थेट चौकात गेली.

सूर्यभानचं दुकान म्हणजे पत्र्याचा एक टपरा. याच टपऱ्यापुढे उभं राहून तिने वामनरावांच्या दहाव्याला अख्ख्या गावासमोर त्याला शिव्याशाप दिले होते. बिस्किटाची एक बरणीही फोडली होती. त्यानंतर ती या रस्त्याने आली की तोंड फिरवून जायची. आज ती समोर उभी राहिली तेव्हा बाकड्यावरचे तीन-चार जण सरसावून बसले.

शाळेचे मास्तर आले. त्यांनी फक्त दोन बोटं वर केली. सूर्यभानने अगरबत्तीच्या खोक्यात हात घालून दोन पुड्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. मास्तर म्हणाले, "अगरबत्ती चांगली आहे ना? मागची ओलसर निघाली." सूर्यभान म्हणाला, "आजची ताजी हाये सर, काल रातच्यालेच उतरली." आणि मास्तर अगरबत्ती घेऊन शाळेत गेले. आज त्यांच्याकडे व्यसनमुक्तीची शपथ होती.

"काकू, तुमाले काय पाह्यजे?" सूर्यभानने विचारलं.

गोदाबाईची मान वर होईना. "अकरा दे," ती म्हणाली. आणि मग, "दहा. दहाच दे."

"काय दहा?"

त्याला कळलं होतं. बाकड्यालाही कळलं होतं. पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं त्याला. गोदाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुड्या," ती म्हणाली.

सूर्यभानने लगेच काही हात हलवला नाही. काउंटरवर कोपरं टेकून तो हळूच बोलला, बाकड्याला ऐकू जाणार नाही असं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. "काकू, त्या रोजी तुमी मले मनभर शिव्या देल्या. मी काई बोललो नाई, तुमचं दुःख होतं. पन एक सांगा. बंदी लागली, पोलिसाइचा तरास होता, काका दुकानावर येत नोते. तवा काकांची पुडी कोन नेत होतं? हप्त्याच्या हप्त्याले, मेथीच्या जुडीखाली?"

गोदाबाईने हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी तीच होती.

"त्याईनं सांगतलं म्हनून नेत होती मी," ती म्हणाली. "बाईच्या पिशवीत कोनी पाहत नाई म्हनून."

"मी कुठं नाई म्हनतो? तुमी चोरी केली असं थोडीच म्हनून रायलो. आपल्याइथं हे चोरीत मोजतच नाई कोनी." त्याने अगरबत्तीचं खोकं पुढे ओढलं. "देऊ दहा?"

"नोको!" ती एकदम ओरडली. बाकड्यावरचे दचकले. "मले साधा तंबाखू दे. पानाचा. जो बंदीत नाई, तो."

घरी येऊन तिने लोखंडी पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली, वामनरावांच्या पागोट्याच्या शेजारी, सासूची चंची होती. लाल रंग विटून विटकरी झाला होता. हिरवा गोट शाबूत. गोदाबाईने ती नाकाला लावली आणि तिला रडू कोसळलं. खूप दिवसांनी मोकळं रडली. रडून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं, आणि सगळं सोपं दिसायला लागलं. पुडी वाईट. चंची चांगली. चोरून येतं ते विष. घरचं, उघडं, मांडीवर पसरून वाटायचं, ते कसं वाईट असेल? तिने सुपारी फोडली, चुना भिजवला, तंबाखू निवडून घेतला, थोडी सोप, म्हणजे बडीशेपही भरली. गुळाचं पाणी लावून तंबाखू जरा मुरवला, सासू करायची तसाच.

दुपारी ती सुंदराबाईच्या दारात गेली. अंगणात किसनराव, सुंदराबाईचा नवरा, खाटेची सुतळी ओढत बसला होता. त्याने "या बाई" म्हणून खाट पुढे केली, पण ती मातीतच बसली.

"सुंदरे, मी बोलली ते बोलली. चुकली मी."

सुंदराबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. "पुडी आनली का?"

"नाई." गोदाबाईने कमरेची चंची काढून मांडीवर ठेवली.

सुंदराबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगो माय! मोठ्या बाईची हाये हे?" तिने हात पुसून चंची घेतली, उघडली, वास घेतला. पस्तीस वर्षांपूर्वी नवी सून म्हणून ती पहिल्यांदा या वावरात आली होती, तेव्हा याच चंचीपुढे तिचा तळहात गेला होता. "तुमाले सांगतो बाई, त्या चिमटीची चव नाई कुठंच. पुडीत नुसता भडका असते. पन आता कोन देते असं? पुडी त पुडी."

"मंग उद्या येता का?"

"चंची आनता का?"

"आनतो."

"येतो मंग. पन एका रोजात होत नाई सहा एकर. अजून चार बाया घेऊन येतो."

शुक्रवारी पंधरा बाया आल्या. आभाळ सकाळपासून गढूळ होतं, वारा पडलेला. अंकुरने गाठोडी बांधायला दावं आणलं, तागडी काटा बाभळीला टांगला. बायांनी ओट्या बांधल्या आणि रांगेने तासात शिरल्या. दोन्ही हात चालत होते, ओट्या पोटाशी फुगत होत्या. दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त वावर हिरवं झालं. गोदाबाई कंबर विसरून मागून फिरत होती. आज तिला मातीत एकही कागद दिसला नाही.

भाकरी झाल्या. गोदाबाई बाभळीखाली पाय पसरून बसली, सासू बसायची तिथेच, आणि तिने चंची उघडली.

"या व साऱ्या!"

आणि खरंच आल्या. तळहात पुढे झाले. गोदाबाई अंगठ्याने चुना लावून तंबाखू मळत होती, चिमूट चिमूट ठेवत होती. पार्बताबाई म्हणाली, "आमच्या मायचा हात असाच वास मारे." गंगूबाईने चिमूट ओठाखाली धरली आणि तिला जोराची शिंक आली, तर सगळ्या हसल्या. तेच जुनं हसणं. गोदाबाईचा जीव सुपाएवढा झाला. तिला बोलल्यावाचून राहवेना.

"तुमाले गंमत सांगू का? माह्या लग्नाले पंधरा रोज झाले होते. सासूनं चंची माह्या हातात देली. म्हने, सूनबाई, आज तू वाट. मी साऱ्याइले वाटली. हे तिकडं बंडीजोळ उभे होते. त्याईले कसलीच सवय नोती. सुपारीचं खांडबी खात नोते. बाया लागल्या चिडवाले, का व, नवऱ्याले नाई देत? मी लाजत लाजत गेली, अन् चिमूट त्याईच्या तळहातावर ठेवली."

"मंग?" गंगूबाई पुढे सरकली.

"मंग काय! चंचीतली चिमूट, नाई कशी म्हनतीन? त्यातून नव्या बायकोनं देलेली. घातली तोंडात. असे लाल झाले, असे लाल झाले! उचकी लागली, घाम फुटला, बंडीचं चाक धरून खालीच बसले. साऱ्या बाया पोट धरधरून हसल्या. मीबी हसली."

बाया पोट धरून हसल्या. सुंदराबाईच्या तर डोळ्यांत पाणी आलं. गोदाबाईही हसत होती. ही आठवण तिने पंचेचाळीस वर्षं जपली होती. दवाखान्यातल्या त्या चार महिन्यांतही, वामनरावांना नळीने ताक पाजताना, तिला हीच आठवायची.

इतक्यात पायल सासूच्या आडून पुढे आली. तिने हात पदराला पुसला आणि तळहात पसरला.

"आजी, मलेबी द्या मंग."

"तू खात नाई ना व?" गोदाबाई म्हणाली.

"ते पुडी नाई खात. ते चोरीची असते, घान असते. हे त बंदीत नाई ना? अन् घरचं हाये." ती हसली. "अन् तुमी म्हटलं ना, नाई म्हनाचं नसते."

"द्या द्या," सुंदराबाई कौतुकाने म्हणाली. "नवी नवरी हाये. मान हाये तिचा."

गोदाबाईने चिमूट मळली. हात पुढे नेला. पायलचा तळहात स्वच्छ होता, मधोमध बोंडाच्या टोकाचा एक ताजा ओरखडा. आणि त्या तळहाताच्या वर गोदाबाईचा हात थांबला.

बायांना वाटलं, म्हातारी चिडवते आहे. कोणीतरी हसलंही. पण हात खाली येईना.

"बाई?" सुंदराबाई म्हणाली. "काय झालं?"

"सूर्यभानानं नाई, सुंदरे," गोदाबाई म्हणाली. "पुडीनं नाई. त्याईच्या तळहातावर पयली चिमूट म्या ठेवली. आत्ता सांगतली ना मी? तुमी हसल्या ना?"

गोदाबाईने बोटं सैल सोडली. चिमूट मातीत पडली. तिने चंची उलटी केली, तळाचा कप्पा बोटाने कोरून कोरून झटकला आणि पायलच्या तळहातावर नुसती सोप ठेवली.

"बाई, हे काय करता?" पार्बताबाई कळवळून म्हणाली. "एवढा चांगला माल!"

"माह्या हातून नाई आता," गोदाबाई म्हणाली. "चंचीतूनबी नाई, पुडीतूनबी नाई. ज्याले जायचं असंन त्यानं जा. मी काई बोलत नाई कोनाले."

ती उठली. गाठोड्यांजवळची एक ओटी घेऊन कमरेला बांधली आणि एकटीच तासात शिरली. बाभळीखाली बराच वेळ कुजबुज चालली. चार नव्या बाया उठून गेल्या. गंगूबाई त्यांच्यामागे धुऱ्यापर्यंत गेली, तिथे घुटमळली आणि परत आली. सुंदराबाई ओठाखालची चिमूट तशीच धरून बसली होती. ती तिने थुंकली नाही. पस्तीस वर्षांची सवय अशी एका दुपारी सुटत नाही. पण ओटी बांधून ती आपल्या तासात उभी राहिली, आणि बाकीच्या तिच्यामागे.

पश्चिमेकडून आभाळ चढत होतं. दीड एकर राहिलं होतं. सगळं होणार नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं. तरी हात भराभर चालत होते.

पायल गोदाबाईच्या शेजारच्या तासात होती. तोंडात सोप चघळत, दोन्ही हातांनी कापूस ओढत ती हळूहळू तिच्या बरोबरीला आली.

"आजी," तिने विचारलं, "मंग दुसऱ्या रोजी आजोबानं काय केलं?"

गोदाबाई वेचत राहिली. एक बोंड, दुसरं बोंड. मग म्हणाली,

"दुसऱ्या रोजी मी देत नोती. त्याईनंच हात पुढं केला."